‘रन’च्या एकेचाळीस चिठ्ठ्या

३ जून १९५८

‘रन’ या शब्दापाशी ह्यांचा हात थांबला. चिठ्ठीवर शब्द आहे, खाली ‘१. धावणे’, पुढे कोरं. ‘हा फार मोठा आहे, सीते. डोकं दुखतंय. उद्या बघू.’ त्याच दुखण्यात हे गेले; त्या उद्याला दोन वर्षं झाली.

आज मद्रासच्या मराठी मंडळाचं पत्र – शब्दकोशाचा पहिला भाग छापायचा विचार आहे! ‘आर’ अक्षर पुरं होत आलं असं ह्यांनी त्यांना कधीतरी कळवलं होतं. तेव्हा ‘आर’च्या सगळ्या चिठ्ठ्या महिन्याच्या आत नमुन्याला पाठवा. पसंत पडल्या तर पुस्तक. नाहीतर विषय संपला.

बावीस वर्षं ह्यांनी शाळेत इंग्रजी शिकवून घरी यायचं आणि चिठ्ठ्या लिहायला बसायचं. आमच्या तंजावरची मुलं शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकतात. घरची मराठी त्यांच्या कानाला कळते, तोंडाला येत नाही. त्यांनी इंग्रजी शब्द बघावा आणि खाली मराठी वाक्य मिळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. ‘ए’ ते ‘आर’, बिस्किटांचे अठरा डबे भरलेत.

आणि एका शब्दावाचून सगळं राहणार?

४ जून

मीच लिहिते. कोणाची परवानगी विचारायची नाही.

६ जून

मोठा इंग्रजी कोश काढला; ह्यांच्याजवळ बसून वाचण्यापुरतं इंग्रजी मला येतं. ‘रन’ची चार पानं! एवढासा शब्द! त्यांची नदी धावते, नाक धावतं, घड्याळ धावतं, लुगड्याचा रंगसुद्धा धावतो. साहेबाच्या घरात स्वस्थ म्हणून कोणी बसत नसावं.

आधी ह्यांच्यासारखं लिहायला गेले. ‘नासिकेतून स्राव होणे.’ मोठ्यानं वाचलं आणि एकटीच हसले. पोराच्या नाकाला पदर लावताना असं कोण बोलतं? पण ह्यांची वाक्यं अशीच – पुण्याच्या पुस्तकांतली. आपल्या मराठीची त्यांना लाज वाटे. ‘ही स्वयंपाकघरातली, सीते. छापायची नव्हे.’ मी देवनागरी शिकले ती ह्यांच्याच चिठ्ठ्या गिरवून. म्हणून अक्षर हुबेहूब त्यांचं. वाक्य मात्र काही केल्या त्यांचं येईना.

शेवटी लिहिलं – ‘लेकराचें नाक गळतें, पूस कीं.’

११ जून

दारच्या तिण्णैवर, ओट्यावर, शेजारची नागलक्ष्मी येऊन बसली. मांडीवर निवडायचे तांदूळ.

‘काय लिहितीस येवढें?’

‘धुतल्यावर रंग जातो, त्यास तूं काय म्हणतीस?’

‘कोणाचा? माझ्या सुनेचा कां?’

‘लुगड्याचा ग!’

‘लुगडें रंग सोडतें. सून सोडत नाहीं, तेंच दुःख.’

लिहून घेतलं. फक्त पहिलं अर्धं.

मग तिलाच चेव आला. जाईपर्यंत सात वाक्यं दिली. तिरुवैयारूच्या बसचं तर असं खणखणीत – ‘बस आहे म्हणतात, येती तेव्हां आहे!’ चौथी इयत्ता नाही शिकलेली, पण एक वाक्य कुठे अडत नाही. आणि आम्ही ह्या बोलण्याला स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं होतं!

१५ जून

वायक्कालात, गल्लीजवळच्या कालव्यात, कावेरीचं पाणी आलं. गल्लीतले सगळे कडेला जाऊन बघून आले. ‘पाणी सुटलें, पाणी सुटलें!’ – तेच लिहिलं. नवव्या अर्थाला.

एखादी वस्तू संपते तिलाही ‘रन’ लागतो. इथे अडले. आमच्या घरात मीठ ‘संपलें’ म्हणत नाहीत. सासूबाई म्हणत, ‘मीठ भरायास हवें.’ डब्यात खडा नसला तरी हेच. आता इंग्रजीत नाही म्हणतात आणि आपण हवं म्हणतो, हे एका चिठ्ठीत कसं बसवायचं? सरळ तसंच लिहिलं, आणि खाली एक ओळ – मीठ, तांदूळ, हळद, कुंकू यांना संपलें म्हणूं नये. मुलांना हेही कळू दे.

१७ जून

ताप येतो, त्यालासुद्धा हाच शब्द. वाक्य शोधावं लागलं नाही. ‘आंग कढत आहे, निजा आतां.’ ‘उद्या बघू’ म्हणाले त्या संध्याकाळी ह्यांच्या कपाळावर हात ठेवून मी हेच म्हटलं होतं.

चिठ्ठी लिहिली. वाळेपर्यंत तिथेच बसले. दुसरी घेतली नाही.

२४ जून

एकेचाळीस झाल्या! हट्ट पिढ्यान् पिढ्या चालत आला – हे सासरच्या घराचं. वाटेत अवचित गाठ पडली – हे बाजारातलं. घर चालवणं – ‘ती घर चालविती, तो चालवितों म्हणतो.’ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

दीर सेतुमाधव ओरत्तनाडूहून आले. डबा टपालात टाकायला तेच नेतात.

‘वहिनी, दादानें हें सगळें पुरें केलें होतें?’

‘आर पुरें आहे,’ म्हटलं.

खोटं नाही. खरंही नाही.

१९ जुलै

मंडळाचे चिटणीस राजगोपाल राव स्वतः मद्रासहून आले! डबा काखेत. सेतुमाधवही आले होते, भावाचं कौतुक ऐकायला इस्त्रीची वेष्टी नेसून.

मी आतल्या दाराशी उभी. राव चिठ्ठ्या चाळत होते. ‘बरें आहे... बरें आहे...’ मग एकदम हसू फुटलं त्यांना.

‘अहो, माझी आजी बोलती कीं ही! ‘आंग कढत आहे’ – तीस वर्षांत ऐकलें नव्हतें. मुलांस मी फीवर म्हणतों!’ आणि पुढे, ‘मास्तर शेवटीं लिहितांना मोकळे झाले बघा. आधींचें सगळें कसें – परक्याच्या घरीं जेवायास बसल्यासारखें, मागावयाचीही लाज. पण हें ‘रन’! ह्या एका शब्दासाठीं आम्ही पुस्तक छापूं.’

सेतुमाधवांचे डोळे भरले. ‘माझा दादा!’ एवढंच म्हणाले.

मी कॉफी आणायला आत गेले. चुलीपुढे उभी राहिले आणि छाती अशी भरून आली! एवढा शिकलेला माणूस, सात तास गाडीत बसून आला, तो माझ्या वाक्यासाठी. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले. मग लाज वाटली. स्तुती माझी झाली. कमीपणा ह्यांना आला. आणि हार रावांनी ह्यांच्याच फोटोला घातला.

२० जुलै

सेतुमाधवांना सांगितलं. आधी विश्वासच बसेना. मग आवाज चढला.

‘गप्प बसा, वहिनी! पुस्तक दादाच्या नांवानें निघतें, आणिक काय हवें तुम्हांस?’

‘मज कांहीं नको.’

‘मग?’

‘जें लिहिलें नाहीं त्याचा हार त्यांस चालला असता कां? वर्गांत दुसऱ्याचा पेपर उतरविलात म्हणून तुमच्या दादानें तुमचाच कान पिळला होता.’

नको नको म्हणताना सेतुमाधव हसले. हात आपोआप कानाकडे गेला. मग परत गंभीर.

‘मंडळानें सगळेंच परत धाडलें तर? फसविलें म्हणतील. अठरा डबे माळ्यावर जातील, दादाचें नांव कोणी घेणार नाहीं.’

  छत्री उचलून गेले, कॉफी न घेता.

२४ जुलै

पत्र टाकलं. चार वेळा लिहून पाहिलं. शेवटचं असं – ‘रन’च्या एकेचाळीस चिठ्ठ्या माझ्या आहेत. अक्षर सारखें आहे, माणूस निराळा. मास्तर असते तर हें त्यांनींच तुम्हांस सांगितलें असतें. पुढें तुमची मर्जी.

खाली सही केली. सीतालक्ष्मी. आजवर टपालवाल्याच्या वहीत केली तेवढीच.

२ ऑगस्ट

उत्तर नाही.

९ ऑगस्ट

उत्तर नाही. सेतुमाधवही फिरकले नाहीत. घरात उरलेले सतरा डबे पुसून ठेवले. ‘जी’मध्ये एका चिठ्ठीवर कॉफीचा गोल डाग. त्यावर बोट ठेवून बसले होते.

चूक केली का? केली असेल. पण मागे घेणार नाही.

१६ ऑगस्ट

मंडळाचं पत्र. छापतील, दोघांच्या नावानं – पण ‘ए’पासून सगळी वाक्यं बदलून. शब्द मास्तरांनी निवडलेले, बोलणं तुमचं, असं लिहिलंय. ह्यांची बावीस वर्षांची वाक्यं मी काढायची!

पहिला डबा उघडला. दौत ह्यांच्या बाजूला असे. ती माझ्या बाजूला ओढून घेतली.