वरच्या कुरणात सोडलेल्या गाई

लिट्रिम, १२ मार्च १९७८

ती. बाबांस ब्रोनाचा सा. न. वि. वि.

मांडीचं हाड कसं आहे? कुणाला न विचारता खाटेवरून उतरलात, असं नर्सबाईंनी कळवलंय. इथे वाळलं गवत आठ दिवसांचं उरलंय. चौदा गाई गोठ्यात दिवसभर हंबरतात, माझं चित्त थाऱ्यावर नाही. वरच्या कुरणात गवत चार बोटं आलंय. सोडू का? शेजारचा ओवेन म्हणतो, तुझे बाबा एप्रिलपर्यंत गाईंना धीराचं प्रवचन देतील.

माया आहेच, ती राहू द्या.
ब्रोना

इस्पितळ, स्लायगो, १५ मार्च

चि. ब्रोनास अ. आ.

सोडू नकोस. जमीन अजून ओली आहे; जिथे आपली टाच रुतते तिथे खुरांनी नुसता चिखल होईल, मग जूनपर्यंत गवताचं नाव नको. शिवाय कोवळ्या गवतावर दुभत्या गाईला झटके येतात. ओवेनला म्हणावं, आधी स्वतःच्या गाईंच्या बरगड्या मोज. माझ्या खिडकीतून भिंतच दिसते. पाऊस पडतोय का, हेही दुसऱ्याला विचारावं लागतं.

जपून राहा.
मॅलकी

लिट्रिम, २४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच गाई सोडल्या होत्या. पत्र आल्यावरही थांबवलं नाही. मध्ये तार लावून रोज कुरणाचा एकच पट्टा चरायला देते, दोन तास. पाऊस असला की गोठा. चौथ्या दिवशी म्हातारी तांबडी कोसळली, पाय झाडू लागली. ओवेन गुरांच्या डॉक्टरांना फोन करायला धावला. ते येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून होते. कोवळ्या गवतात कमी पडतं ते मॅग्नेशियम त्यांनी कातडीखाली टोचलं, तासाभरानं ती उठली. खाण्यातून ते पहिल्या दिवसापासून द्यायला हवं होतं, ही माझी चूक. आता देते. पण सोडणं चूक नव्हतं. पहिल्या पट्ट्यात नवी पाती आलीत. रागवा, पण गाई बाहेरच जातील.

तुमचीच,
ब्रोना

स्लायगो, २९ मार्च

चि. ब्रोनास अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी उशीखाली ढकललं. मग पत्र पुन्हा वाचलं. तुझ्याएवढा असताना मीही आजोबांना न विचारता गाई सोडल्या होत्या. माझी गाय उठली नाही. हे तुला कधी सांगितलं नाही.

इथले डॉक्टर म्हणतात, उतारावर चालणं विसरा. म्हणून गाई विकायचं मनात ठरवलं होतं. आता ठेवायच्या की विकायच्या, तू ठरव. मी घरी येऊन बडबड करीनच. ती ऐकलीच पाहिजे असं नाही.

तुझा म्हातारा,
मॅलकी