सगुणाची सही

बेंबळी, मे १९७३

आज माझीच मला लाज वाटली, म्हणून लिहिते आहे.

दूध संस्थेच्या सभासद-अर्जावर सगुणा आयुष्यातली पहिली सही करणार होती. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरच्या मुकादमाचं बॉलपेन तिनं सोबत आणलं होतं. "बाई, उन्हात, फुफाट्यात बी चालतंय ह्ये."

"त्यानं अक्षर बिघडतं," म्हणून मी माझं शाईपेन तिला दिलं. उन्हानं तापलेलं ते पेन भसकन ओकलं, सही बुडाली.

सगुणा हसली. "दुष्काळात तुमच्या पेनाला पूर आला की, बाई!"

आणि मी? घाईत म्हणाले, "अंगठा दे." महिनाभर माझ्या रात्रीच्या वर्गात तिनं नाव गिरवलं आणि मीच अंगठा मागितला! तिनं दिला.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन अंगठ्याचा अर्ज फाडला, कोरा पुढे केला आणि म्हणाले, "आता सही कर."

"आता हात दुखतुया, बाई. उद्या बघू."

तो कोरा अर्ज तिच्या हाती देऊन आले.