चाळीसपैकी तेहतीस

कौलवस्ती, ता. पाथर्डी
६ जानेवारी २०२६

चि. सिल्व्हिया हिला हन्नाआत्याचे अनेक आशीर्वाद व सलाम.

तिसरा ओटीपीही आला नाही. चौथा मागवला आहे. तो येईपर्यंत शाळेमागच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसून तुला लिहिते. रेंज इथेच येते.

काल तालुक्याहून आदेश आला. ऑनलाइन प्रशिक्षणात ज्यांना पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गुण आहेत त्यांना सुलभक नेमले आहे, म्हणजे बाकीच्या शिक्षकांना शिकवायचे काम. यादीत पहिले नाव माझे. अठ्ठ्याण्णव टक्के. सतरा आणि अठरा फेब्रुवारी, साठ शिक्षक. विषय, वर्गात फळ्याजागचे टचस्क्रीन पॅनल आणि टॅब कसा वापरावा. आमच्या मुख्याध्यापकांनी, बडे सरांनी, आदेश मोठ्याने वाचला आणि म्हणाले की बाई, सहा वर्षं शेजारच्या वर्गात हाय मी, तुमी लई छुप्या रुस्तम निघालात.

दिवाळीच्या सुट्टीत तू आली होतीस. मी ओट्यावर बाजरी निवडत होते आणि तू कॉटवर पडून माझा कोर्स करत होतीस. मी दोनदा विचारले, झाले का. दुसऱ्यांदा तू हो म्हणालीस. त्या कोर्समधला माझा वाटा एवढाच.

आता तो पहिल्या धड्यापासून बघायचा आहे, पण आत जाता येत नाही.

आत्ता पडद्यावर नीट वाचले. ओटीपी ज्या नंबरवर जातो त्याचे शेवटचे दोन आकडे ४७ आहेत. माझे १२. सत्तेचाळीस तुझे. नाव माझे, गुण माझे आणि किल्ली संगमनेरला.

उलट टपाली कळव. रागावले आहे, लोभ त्याच्या जागी आहे.

हन्नाआत्या


संगमनेर
११ जानेवारी

ती. हन्नाआत्यास सिल्व्हियाचा सा. न. व सलाम.

पत्र वाचून आधी हसले, मग कान धरले. मंगळवारी सातवीच्या वर्गावर असताना लागोपाठ चार ओटीपी आले. कुणीतरी फसवतंय असे वाटून मी ते खोडून टाकले.

नंबर बदलता येईल. पण त्यासाठीचा ओटीपी आधी माझ्या फोनवर येणार, तो मी दहा मिनिटांत तुला सांगायचा, आणि ज्या फोनवर तू माझे ऐकणार त्याच फोनवर तुला आकडे टाकायचे. ते तुला जमणार नाही. खरे म्हणजे मलाही जमत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर बडे सरांच्या फोनवरून बोल, तुझा हातात धर. बाकीच्या पायऱ्या, पॅनल चालवायच्याही, कागदांवर लिहून सोबत पाठवते. कागद फोनशेजारी ठेवता येतो.

एक अडचण राहते. पूर्ण झालेल्या कोर्सचे व्हिडिओ दिसतात, पण चाचणी पुन्हा देता येत नाही.

आता माझे ऐक. तू आजारी पड. रजेचा अर्ज टाक, यादीत दुसरी नावे असतीलच. आमच्याकडे क्लार्कने चौदा जणांचे कोर्स एकट्याने केले. शाळेत सर्वांत प्रशिक्षित माणूस तोच. कुणी काही म्हणत नाही. तुला निवडश्रेणीच्या पगारवाढीसाठी प्रमाणपत्र लागेल म्हणून मी बसले होते, आणि चांगल्या मनाने बसले होते.

पप्पांचा सलाम. राग लवकर संपवून लोभ पुढे चालू ठेव.

सिल्व्हिया


कौलवस्ती
१७ जानेवारी

चि. सिल्व्हिया हिला अनेक आशीर्वाद.

दुपारी आपण बोललो त्यानंतर पुन्हा एकदा बाहेर पडून आत जाऊन पाहिले. ओटीपी माझ्या फोनवर वाजला. बडे सर म्हणाले की सहाच आकडे हायेत बाई, लॉटरी न्हाई लागली.

मी आजारी पडणार नाही. एकतीस वर्षे मुलांची पोटदुखी ओळखत आले, आता स्वतःची खोटी पोटदुखी घेऊन घरी कशी बसू?

साहेबांना, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांना, सांगायचेच आहे. पण गुण माझे नाहीत एवढेच सांगितले तर ते विचारतील, मग तुमचे किती. ते मला माहीत नाही. आधी ते काढू. चाचणीच्या चाळीस प्रश्नांचे फोटो तुझ्याकडे असणार, तू सगळ्याचे फोटो ठेवतेस. प्रश्न हाताने लिहून पाठव. मी व्हिडिओ बंद ठेवून पेनने उत्तरे लिहीन. तू तपास.

वर्गातले पॅनल येऊन दीड वर्ष झाले. ज्या दिवशी नारळ फुटला त्या संध्याकाळपासून त्यावर बडे सरांच्या घरची चादर आहे. शाळेच्या सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद घंटा आणि खुर्च्यांच्या मधोमध आहे. काही फुटले तर निवृत्तीच्या तोंडावर जाब आपल्याला द्यावा लागेल, ही सरांची भीती. काल मी चादर काढायची म्हणाले. जबाबदारी तुमची असे लिहून द्या, म्हणाले. लिहून दिले. चादर धुऊन, घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवली.

लोभ असू दे, फक्त लाल पेनापासून लांब ठेव.

हन्नाआत्या


संगमनेर
२१ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

प्रश्न सोबत आहेत, चार पाने.

राहुरीला चौथीत मी तुझ्याच वर्गात होते. शेजारणीच्या पाटीवरून गणित उतरवले. उत्तर बरोबर होते आणि तू शून्य दिलेस. पप्पा रदबदलीला आले तर तू त्यांना दारातच उभे केलेस. म्हणालीस की यशया, तुझी बेरीज मी नंतर तपासते.

आता पेन माझ्याकडे आहे. भीती वाटत असेल तर लोभात कळव.

सिल्व्हिया


कौलवस्ती
२७ जानेवारी

चि. सिल्व्हिया हिला अनेक आशीर्वाद.

उत्तरे पाठवते. नऊ प्रश्न कोरे सोडले आहेत. अंदाजाने खूण केली नाही.

पॅनल रोज दोन तास चालते. पहिल्या दिवशी त्याने मला ओळखले नाही. मी बोट हळू ठेवत होते, फळ्यावर खडू ठेवावा तसे. त्याला टोचावे लागते.

माझ्या वर्गातली अकरा मुले आईबापांबरोबर ऊसतोडीवर गेली आहेत. तिसऱ्या धड्यात पाठ ध्वनिमुद्रित करून कसा पाठवायचा ते दाखवले आहे. मी सातचा पाढा आणि एक गोष्ट पाठवली. दुसऱ्या दिवशी एका आईचा उलट निरोप आला की बाई, तुमचा आवाज लई बारीक येतोय, वर्गात वरडता तसं वरडा. पुन्हा केले. आता तोडणीच्या तळावर आमच्या शाळेची नसलेली मुलेही ऐकायला बसतात म्हणे.

त्या आईने निरोप पाठवला नसता तर मी तो धडा झाला असे धरून पुढे गेले असते.

लोभ ठेव, वेळेत तपास.

हन्नाआत्या


संगमनेर
३१ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

चाळीसपैकी बावीस. अर्ध्याच्या वर आहेस. पंधरवड्यात हे फार झाले, खरंच.

एक सांगायचे आहे. त्या चाचणीत माझेही एक उत्तर चुकले होते, सत्ताविसावे. वर्गात तीस मुले आणि एकच टॅब असेल तर काय करावे. मी लिहिले होते, प्रत्येकाला दोन मिनिटे द्यावा. तू लिहिलेस की टॅब उलटा ठेवावा, आधी गटात पाटीवर उत्तर काढायला लावावे, मग सुलटा करून पडताळावे. ते बरोबर आहे. चाळीसमधला हा एकच प्रश्न असा आहे की मला आला नाही आणि तुला आला.

लोभ वाढला आहे, गुणांकडे बघू नकोस.

सिल्व्हिया


कौलवस्ती
४ फेब्रुवारी

चि. सिल्व्हिया हिला आशीर्वाद.

गुणांकडेच बघितले. बारावे उत्तर चूक आहे. इंटरनेट नसताना दाखवायचा व्हिडिओ आधी उतरवून ठेवावा लागतो. मी लिहिले की टाकीजवळ जाऊन लावावा. तू त्यावर बरोबरची खूण केलीस आणि शेजारी हसरा चेहरा काढलास. एकतिसावेही चूक. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचे नसतात. मी लिहिले आहे, टाकावेत. ते दोन गुण परत घे. चाळीसपैकी वीस.

साठ माणसांसमोर मी उभी राहणार आहे. तिथे तू हसरा चेहरा काढायला नसशील.

दुसरी प्रश्नपत्रिका काढ. तेच प्रश्न नकोत, ते आता पाठ झाले आहेत. धडे बघून नवे काढ.

लोभ असावा, मार्कांत नसावा.

हन्नाआत्या


संगमनेर
११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

तुझी उत्तरे तालुक्याला गेलेल्या बडे सरांनी स्वतः एसटीत ठेवली, म्हणून वेळेत मिळाली. तेहतीस. दोनदा तपासले. एकही गुण वर नाही. एका प्रश्नाला अर्धा द्यावासा वाटला, दिला नाही.

नवे प्रश्न काढायला मला सगळे धडे बघावे लागले. आत्या, ते मी आधी कधी बघितलेच नव्हते. दिवाळीत आवाज बंद करून पुढे पळवले होते आणि चाचणीत जे उत्तर सर्वांत लांब त्याला खूण केली होती. अठ्ठ्याण्णव आले. म्हणजे ते तुझे नव्हते, पण माझेही नव्हते.

तेहतीसने पंच्याण्णव टक्के होत नाहीत. तू सुलभक राहणार नाहीस, प्रमाणपत्रही जाईल. तरी तू साहेबांना खरे सांगणारा अर्ज देणारच. उत्तरांसोबतच्या चिठ्ठीत तू लिहिले होतेस की त्यात माझे नाव घालणार नाहीस. घाल. माझ्या शाळेचे नावही घाल. पप्पांना सांगितले. ते म्हणाले की दारात उभी राहायची सवय ठेव.

लोभ कडक आहे, तसाच राहू दे.

सिल्व्हिया


कौलवस्ती
१४ फेब्रुवारी

चि. सिल्व्हिया हिला आशीर्वाद.

काल अर्ज दिला. पाच ओळी. कोर्स माझ्या भाचीने माझ्या नावावर केला, मी करू दिला. माझे खरे गुण चाळीसपैकी तेहतीस, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स सोबत. प्रमाणपत्र रद्द करावे, सुलभक दुसरे नेमावेत. तुझे नाव आहे.

साहेबांनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. म्हणाले की चार दिवसांवर आलंय, आता मी कुणाला उभं करू. यादीतल्या दुसऱ्या दोघांनी वैद्यकीय रजा टाकली आहे. प्रमाणपत्राचे काय ते नियमाने बघतो, म्हणाले, पण मंगळवारी तुम्ही या.

जाणार आहे. तुझ्या हातचे पायऱ्यांचे कागद बरोबर नेते.

लोभ मंगळवारपर्यंत तरी जपून ठेव.

हन्नाआत्या


पाथर्डी
१७ फेब्रुवारी

चि. सिल्व्हिया हिला अनेक आशीर्वाद व सलाम.

सुरुवातीलाच फलकावर दोन कागद लावले. डावीकडे प्रमाणपत्र, उजवीकडे तुझ्या लाल पेनाची उत्तरपत्रिका. हे भाचीचे आणि हे माझे, एवढे सांगितले.

मग मागच्या बाकावरून मनकर्णाबाई खेडकर, ज्या जूनमध्ये निवृत्त होणार आहेत, म्हणाल्या की तुमची भाची तरी हुशार हाय बाई, माझ्या सुनेनं बहात्तरच आनले. हॉल हसला. साहेब मागे बसले होते. ते हसले नाहीत.

मी म्हणाले की सगळ्यांनी आत्ता ओटीपी मागवा, आणि ज्यांच्या हातातल्या फोनवर येईल त्यांनी हात वर करा. साठांत तेवीस हात वर आले. बाकी सदतीस जण फोनकडे बघत राहिले. कुणाचा चाकणला मुलाकडे गेला होता, कुणाचा जावयाकडे.

मग पहिला धडा घेतला. दुपारी पॅनल अडकले; तुझा तिसरा कागद काढला, पायऱ्या वाचल्या, चालू केले. सत्ताविसावा प्रश्न सर्वांना सोडवायला दिला. त्यावर तासभर भांडण चालले. मी थांबवले नाही.

निघताना साहेबांनी फलकावरून प्रमाणपत्र काढून फाइलला लावले. उत्तरपत्रिका राहू दिली.

हे टपालात उद्या टाकीन. तोवर लोभ चालू समजते.

हन्नाआत्या

१८ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊला निरोप मिळाला की माझे प्रमाणपत्र रद्द झाले आहे आणि कोर्स माझ्यासाठी पुन्हा उघडला आहे. हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीत रेंज येते. तिथे काल हात वर न केलेले शिक्षक नंबर बदलून घ्यायला जोडीजोडीने उभे होते, एकाच्या फोनवरून घरी बोलत, दुसऱ्याच्या फोनवर आकडे टाकत. मीही त्यांच्यात उभी राहिले. माझा ओटीपी आला. दहाला सगळे आत आले.