‘सोंडेचा शोध’चा शेवट

प्रिय प्रणित,

‘प्रिय’ लिहायची सवय शाळेत लागली म्हणून लिहिलं, त्यावरून तू फार काही धरून बसू नकोस. फोनवर माझे मेसेज तू वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. गणपतीच्या कारखान्यात सध्या रंगकाम जोरात आहे, हाताला सोनेरी लागलाय, तेव्हा कागदावर डाग दिसले तर समजून घे.

आधी तुझं अभिनंदन करते. बाजारपेठेत तुझा बॅनर लागलाय. ‘पेणचा अभिमान, दिग्दर्शक प्रणित’. तुझा फोटो हाताएवढा आणि शेजारी दिनानाथशेठचा माणसाएवढा. तेच दिनानाथशेठ, गणपती मंडळाचे अध्यक्ष. मंगल कार्यालयात आपण सिनेमा लावला तेव्हा अर्ध्यावर मेन स्विच बंद करणारे. अंधारात खुर्च्या फेकल्या गेल्या, कुणीतरी दिनेशदादाच्या प्रोजेक्टरवर पाणी ओतलं आणि ‘गावाची बदनामी’ म्हणून बोंब झाली, आठवतं ना? आता तेच लोक म्हणतात, आमच्या पेणमध्ये त्या काळी असा सिनेमा झाला! जणू यांनीच ट्रायपॉड धरला होता. परवा बँकेत एक बाई मला म्हणाल्या, मी तेव्हाच म्हटलं होतं, पिक्चर चालणार. त्या बाईंनी तेव्हा माझ्या आईला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं होतं.

हे सगळं अक्षयमुळे झालं. दिनेशदादाने लग्नाच्या शूटिंगचा धंदा बंद केला. त्याच्या मुलाने, अक्षयने, दुकान रिकामं करताना आपली कॅसेट शोधून काढली आणि इंटरनेटवर टाकली. मुंबई-पुण्याची पोरं तिच्यावर तुटून पडली. भर उकाड्यात रेनकोट घालून फिरणारा डिटेक्टिव्ह जांभळे, मंडळाच्या गणपतीची चोरीला गेलेली सोंड शोधत दारोदार जाणारा. प्रत्येक घरात त्याला पोह्याचा पापड देतात, तू कुणातला म्हणून विचारतात आणि खोटं सांगतात. शेवटी त्याला कळतं की सोंड चोरीला गेलेलीच नाही. मिरवणुकीआधी नाचताना अध्यक्षच मूर्तीवर पडले आणि ती मोडली. हे अख्ख्या शहराला पहिल्यापासून माहीत होतं, एकट्या डिटेक्टिव्हला सोडून. आता मोठमोठे लोक त्यावर लेख लिहितात. उपहास, लघुशहर, सत्ता, असले शब्द वापरतात. मला हसू येतं. आपण सिनेमा काढला कारण तुला कॉलेजच्या गॅदरिंगला नाटक करू दिलं नव्हतं आणि तुझं डोकं फिरलं होतं. बाकी तो चांगला झाला, हे मी नाकारत नाही. तुझ्या हातून तेवढं एकच चांगलं काम झालं. त्यानंतर तू सासवांना जिन्यावरून ढकलायच्या मालिका करतोयस.

खुर्च्या फेकल्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू मुंबईला गेलास. आम्ही इथेच राहिलो. त्यातही मी कारखान्यात तोंड खाली घालून डोळ्यांची आखणी करायचे, मला कोण बघतंय? डिटेक्टिव्ह झालेल्या भरतचं तसं नव्हतं. त्याला रोज कंडक्टरची खाकी घालून पेण-रोहा गाडीवर उभं राहायचं होतं. स्टँड सोडला नाही तोच मागच्या बाकावरून सुरू व्हायचं, “काय डिटेक्टिव्ह, गावली का सोंड?” भरत म्हणायचा, “नाय गावली. सुट्टे काढा.” वर्षानुवर्षं तेच ऐकलं त्याने, पण एकदाही चिडला नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा दाजी, माझे सासरे, म्हणाले होते, “पोरी, याला लोक हसतात, तुला चालंल ना?” मी म्हटलं, चालेल. हसणारे कोण आहेत ते मला ठाऊक होतं.

तो गेला तेव्हा तू फोन केला होतास, एवढं श्रेय तुला देते. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. गाडी अडकली आणि हा कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन काढत बसला. आठवड्याने ताप आला. पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टो निघाला, पण कळलं फार उशिरा. मनस्वी तेव्हा नुकती चालायला लागली होती. आता ती रोह्याला कॉलेजात जाते. उंची त्याची घेतलीय, हट्ट माझा.

तर दिनानाथशेठ मागच्या सोमवारी कारखान्यात आले. सोबत दोन माणसं, शाल आणि नारळ. मूर्तींकडे बघून उगाच हात जोडले, मग मुद्द्यावर आले. “नूतन, प्रणित पिक्चरची नवी कॉपी बनवतोय. एकदम स्वच्छ. खर्च मंडळ करतंय. गणपतीत मैदानावर लावू. तू स्टेजवर पाहिजेस हां.” मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, “शेवट तेवढा काढलाय. लोकांच्या उगाच भावना दुखतात. प्रणित तयार हाय.” मी ब्रश खाली ठेवला. म्हटलं, “शेठ, तेव्हा सोंड खरंच तुमच्या हातून मोडली हे सगळ्या पेणला माहीत हाय. कापून लपवणार कुणापासून?” सोबतचा एकजण फसकन हसला आणि मग खोकल्याचं नाटक करायला लागला. शेठ शाल तिथेच ठेवून गेले. मी तिने रंगाचे डबे पुसतेय, कापड बरं आहे.

पण मला त्यांचा राग नाही आला, प्रणित. ते आहेत तसेच आहेत. भित्रे, गोडबोले, दुसऱ्याच्या ताटातलं आपलं म्हणणारे. तू त्यांच्यावर सिनेमा काढलास आणि आता त्यांच्याच मांडीवर जाऊन बसलास, हे मला बघवत नाही. अक्षयने टाकलेली कॅसेट तू वकिलाची धमकी देऊन उतरवलीस. ज्याच्या बापाचा प्रोजेक्टर तुझ्यापायी गेला, त्याला! आणि मी विचारलं तर तुझं उत्तर काय, “नूतन, शेवटची सात-आठ मिनिटं, काय फरक पडतो.” तेवढा एकच मेसेज आला तुझा. डिटेक्टिव्ह जांभळे त्या शेवटाशिवाय काय उरतो? रेनकोट घातलेला एक येडा.

म्हणून तुला कळवते, शनिवारी आम्ही रोह्याला मनस्वीच्या कॉलेजात सिनेमा लावला. अक्षयच्या कॅसेटवरून, पूर्ण. वकिलाला सांग हवं तर. पोरं जमिनीवर बसली होती. दाजींना खुर्ची दिली होती. पापडाच्या प्रसंगाला एवढा हशा झाला की पुढचं ऐकू येईना. मनस्वीने तो याआधी कधी धड पाहिला नव्हता, मीच पाहू दिला नव्हता. ती माझा हात धरून बसली होती. थोड्या वेळाने कानाशी आली, “आई, बाबांचा आवाज किती छान आहे.” मला खरं सांगावं लागलं. तो आवाज तुझा आहे. भरतचं ‘हाय’ आणि ‘नाय’ तुला चाललं नाही. डिटेक्टिव्ह शुद्ध बोलला पाहिजे म्हणून तू सगळं डबिंग स्वतः केलंस आणि भरत नुसता ओठ हलवत राहिला. पेणवरचा सिनेमा, त्यात पेणचा माणूस, आणि तोंडात पुण्याची भाषा! त्यावर एकाही लेखात कुणी लिहिलं नाही. मग शेवट आला. सोंड कुणी मोडली ते कळल्यावर जांभळे स्टँडवर बसतो आणि हसत सुटतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते हसू तुला डबिंगमध्ये जमलं नव्हतं, म्हणून तू भरतचंच ठेवलंस. मी म्हटलं, “हा तुझा बाबा.” दाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ते नुसते पडद्याकडे बघत होते.

घरी आल्यावर तिने विचारलं, “बाबा बोलायचे कसे गो?” मी करून दाखवायला गेले, ‘नाय गावली, सुट्टे काढा’, पण ते माझ्याच आवाजात आलं. आमच्याकडे तेव्हा साधा फोन होता. त्याचं बोलणं कुठेच नाही. आणि तू मुलाखतीत म्हणालास की शूटिंगच्या मूळ टेपा डबिंगआधीच्या आवाजासकट तुझ्याकडे कपाटात आहेत. नवी कॉपी करताना त्या निरुपयोगी म्हणून टाकून देशील, तुझा मला भरवसा नाही. म्हणून एवढं लिहिलं. सत्कार घे, शेवट काप, बॅनरखाली उभा राहा, मी मध्ये येणार नाही. मला फक्त त्या टेपा दे. पाठवू नकोस, स्वतः आण, वाटेत हरवायला नकोत. आलास की चहा देईन. मनस्वीसमोर तुला काही बोलणार नाही. मागतेय, प्रणित. एवढं सगळं बोलून तुझ्याकडेच मागायची वेळ आली आहे, तर मागतेय.

‘तुझीच’ लिहवत नाही,
भरतची,
नूतन