चौदा दिवस, दहा नखं

४ मार्च, सोमवार

एकतीस वर्षं कवळ्या केल्या. आजपासून नखं.

भाचीच्या नेल पार्लरमध्ये सकाळी दहाला हजर झालो. तिने एप्रन दिला – जांभळा, खिशावर चमचमतं फूल. "मामा, सगळ्यात मोठा हाच आहे." नाड्या पाठीमागे जेमतेम भेटतात. गिऱ्हाईक समोर असलं की ती मला "अहो मामा" म्हणते, नसलं की "ए मामा". हुकूम दोन्हींत सारखाच.

लॅब बंद झाल्याला दोन महिने झाले. दातांच्या डॉक्टरांनी कवळ्या छापणारं यंत्र आणलं. "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही," असं म्हणून त्यांनी मला निरोप दिला. तेव्हापासून घरी बसून मी सगळ्यांच्या कामात लक्ष घालत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही कुठेतरी जा. कुठेही जा."

भाची म्हणते, कवळीची पावडर आणि नखाची पावडर एकाच घराण्यातली, मला जड जाणार नाही. बाटलीचं झाकण काढलं. तोच वास! डोळ्यांत पाणी आलं. लिक्विड झोंबलं म्हणून.

५ मार्च, मंगळवार

प्लॅस्टिकच्या बोटांवर सराव. ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, टोकाने पावडर उचलायची, मोत्याएवढा गोळा होतो. तो नखावर ठेवून हलक्या हाताने दाबत पसरायचा. हवेत आपोआप कडक होतो. ब्रश फार ओला असेल तर गोळा वाहत जातो, कोरडा असेल तर भुसभुशीत राहतो. लॅबमध्ये आम्ही मोजून कालवायचो. इथे ब्रश हेच माप.

पहिले सात वाहून गेले. आठवा बसला. खिडकीपाशी जी बाई काम करते – मी तिला मनातल्या मनात खिडकीवाली म्हणतो – ती वाकून बघायला आली. "काका, हे नख आहे की दाढ?"

पाहिलं. मध्ये खड्डा, चार कोपऱ्यांना चार उंचवटे. दाढच होती. चांगली दाढ होती.

७ मार्च, गुरुवार

आज हायब्रिड. पावडर आणि जेल यांचं एकत्र कुटुंब. नळीतून पिळायचं, टूथपेस्टसारखं. ब्रशला जरासं पातळ द्रव लावून थोपटत थोपटत बसवायचं, मग हात दिव्याखाली. दिव्यात जाईपर्यंत ते कडक होत नाही, म्हणजे हवा तितका वेळ घ्या. भाचीचं आवडतं काम हे. दिवसभर नळी तिच्याच हातात. खिडकीवाली पावडरवाली.

मी हवा तितका वेळ घेतला. एका नखाला पंचवीस मिनिटं. ब्रश चिकटतो म्हणून द्रव लावत गेलो, लावत गेलो. दिव्यातून काढलं तर वरून घट्ट, आतून खीर.

"द्रव फक्त ब्रश चिकटू नये म्हणून असतो मामा. त्यात पोहायचं नसतं."

मला पावडरच बरी. ती वाट बघत नाही, पण निदान कडक होते.

९ मार्च, शनिवार

बायकोच्या हातांवर पावडरची दहा नखं. नखांवरची चमक कानशीने घालवली, पुसली, पावडर धरून राहावी म्हणून प्रायमर लावला, नखाखाली कागदी साचा बसवला. दोन तास वीस मिनिटं. इतका वेळ तिचा हात हातात धरायची ही पहिलीच खेप असावी. तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या मानेला रग लागलीय."

पण आरशात दोनदा बघितलं तिने. मी मोजलं.

१२ मार्च, मंगळवार

निघाली. एक कपाटाच्या कडीत, एक कणकेत, आणि करंगळीचं ऑफिसात – साहेबांपुढे फाईल ठेवताना फाईलवरच राहिलं. साहेबांनी ते टाचणीच्या डबीत घालून परत दिलं म्हणे. रात्री बायकोने मला ताट वाढलं. मग म्हणाली, "माझे हात आता मागू नका."

भाचीने निघालेलं नख चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. "तू हे कातडीवर चढवलंयस."

"चढवलंय नाही, बसवलंय. फट नको म्हणून."

"फट हवी मामा! केसाएवढी. कातडीला टेकलं की तिथून उचकटतं, खाली पाणी जातं, खेळ खलास."

एकतीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो: हिरडी आणि कवळी यांच्यात फट राहता कामा नये. फटीत अन्न जातं. फट म्हणजे पाप. आणि आता चोपन्नाव्या वर्षी, केसाएवढं पाप मुद्दाम करायचं.

१४ मार्च, गुरुवार

प्लॅस्टिकच्या बोटांवर दिवसभर फट सोडत होतो. हात आपोआप मुळाशी जातो, मी त्याला मागे ओढतो. संध्याकाळपर्यंत दहातली सहा जमली.

मध्येच एक गिऱ्हाईक बाई घाईत आल्या, बाकी दोघींचे हात अडकलेले, म्हणून फक्त आकार द्यायला मला बसवलं. मी मन लावून केलं. मधलं किंचित तिरकं, शेजारचं अंमळ अरुंद. कवळीत सगळे दात एकसारखे लावले तर माणूस हसला की कळतं.

बाई म्हणाल्या, "ही वेगवेगळी का दिसतायत?"

"खरी वाटावीत म्हणून."

"खरी माझ्याकडे होतीच की हो."

भाचीने सगळी पुन्हा घासली. तिचा चेहरा हसू दाबल्याने लाल झाला होता. रागानेही असेल.

१५ मार्च, शुक्रवार

गोष्ट गंभीर आहे. खिडकीवाली महिनाअखेरीला जाते आहे, नवऱ्याची बदली. तिच्या खुर्चीसाठी एक शिकलेली मुलगी तयार आहे, दोन वर्षांचा अनुभव. भाचीने मला आतल्या खोलीत, टॉवेलच्या ढिगापाशी बसवलं.

"मामा, मी मामा म्हणून खुर्ची देऊ शकत नाही. बाकीचे काय म्हणतील? तू पावडरचे पूर्ण दहा कर, खऱ्या हातांवर. चौदा दिवस टिकले तर खुर्ची तुझी. एक जरी निघालं तर त्या मुलीला फोन करते."

मी म्हटलं, रास्त आहे. परत घरी बसणं मला जमणार नाही. डॉक्टरांच्या यंत्राचा मला राग नाही. पण सकाळी दहाला कुठे जायचं ते माहीत असलं पाहिजे माणसाला.

प्रश्न: हात कुणाचे?

१६ मार्च, शनिवार

सासूबाईंचे!

त्या गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. तोंडात माझीच कवळी. ती त्या फक्त फोटोसाठी लावतात, जेवताना वाटीत काढून ठेवतात. "जेवताना टकटक वाजते," हे त्या आठ वर्षं सांगत आहेत, बहुधा पाहुण्यांसमोर.

"जावईबापू, कवळी काढून ठेवता येते. हे काढता येईल का?"

"चौदा दिवस नाही."

"मग मला भांडी घासता येणार नाहीत."

"नाही."

"भाजी निवडता?"

"नाही. नखांनी काही उघडायचं नाही, खरवडायचं नाही. नुसतं बसायचं."

हात लगेच पुढे आले. बायको दारातून म्हणाली, "आईने आजवर कुठल्या गोष्टीला इतक्या पटकन हो म्हटलेलं नाही."

रंग मी निवडला, गुलाबी. त्या म्हणाल्या, "हा तर हिरडीचा रंग." बाकी रंगांवर माझा भरवसा नाही. एक तास पन्नास मिनिटं. दहाही मुळांशी केसाएवढी फट. भाचीने भिंग लावून तपासलं, तारीख लिहून घेतली.

१७ मार्च, रविवार

पहिला दिवस. टिकली.

१९ मार्च, मंगळवार

टिकली. सासूबाई आता बोलताना हात हवेत फिरवतात. आधी वाक्यं लहान असायची, आता नखं दिसावीत म्हणून लांबतात. शेजारच्या आजींना हात दाखवून आल्या. शेजारच्या आजी मलाही विचारत होत्या, नखं करता की दातही?

भांडी मी घासतो आहे.

२० मार्च, बुधवार

चौथा दिवस. सासूबाईंच्या चहात साखरही मीच ढवळतो. बायको म्हणते, "नखं आईची, कामं मात्र तुमची."

२२ मार्च, शुक्रवार

भाचीने आज दुपारी मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, घाऊक दुकानात प्रायमर आणायला पाठवलं. कपाटात चार बाटल्या आहेत, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "पाच असाव्यात." व्यवसायात असा साठा ठेवावा लागतो, शिकायला मिळालं. जाऊन येऊन तीन तास.

घरी आलो तर सासूबाई नुकत्याच बाहेरून येत होत्या, उजवा हात पदराखाली. मैत्रिणीकडे गेले होते म्हणाल्या. मी दाखवा म्हटलं तर आधी डावा दाखवला. मग उजवा. दहाही जागेवर! सहा दिवस झाले.

२४ मार्च, रविवार

आज निवांत भिंगातून पाहिली. एक गोष्ट लक्षात आली: उजवा हात डाव्यापेक्षा सरस उतरला आहे. मुळाशी रेघ सफाईदार, मधला उठाव अगदी हवा तिथे. कारणही सापडलं. डावा हात मी आधी केला. उजव्यापर्यंत येईस्तोवर माझा हात बसला होता. पहिल्या नखाला आणि दहाव्या नखाला बसलेला माणूस एकच नसतो.

हे भाचीला सांगितलं. तिला एकदम ठसका लागला. पाणी दिलं.

२७ मार्च, बुधवार

अकरावा दिवस. डाव्या हाताची नखं मुळाशी वाढून फट स्पष्ट दिसते आहे. उजव्या हाताची त्या मानाने कमी. या वयात उजव्या हाताची वाढ मंदावत असावी, आयुष्यभर काम करून दमत असेल. सासूबाईंना विचारलं. "असेल बाई," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्या मला बाई कधी म्हणत नाहीत.

३० मार्च, शनिवार

चौदा!

सासूबाई पार्लरमध्ये आल्या, कवळी लावून. भाचीने डाव्या हाताची पाचही नखं एकेक करून हलवून पाहिली, भिंगाखाली धरली. उजवा हात मात्र नुसता उलटासुलटा केला. "ठीक आहे, ठीक आहे." खिडकीवालीने टाळ्या वाजवल्या आणि आपली उशी मला दिली, खुर्ची कमरेला लागते म्हणे. शिकलेल्या मुलीला नकाराचा फोन माझ्यासमोर झाला. वाईट वाटलं, पण फार नाही.

बायकोने संध्याकाळी एप्रनच्या नाड्या वीतभर वाढवून शिवल्या.

१ एप्रिल, सोमवार

खिडकीपाशी पहिला दिवस. तीन गिऱ्हाइकं. तिसऱ्या बाई म्हणाल्या, पुन्हा येईन. दहाच्या ठोक्याला खुर्चीत होतो.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवावर आलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, नखं काढून या, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा असतो. त्यांनी भाचीकडे जाण्याचा हट्ट धरला. मी म्हटलं, घरात माणूस असताना? उद्या संध्याकाळी मीच काढतो. पावडरची आहेत म्हणून सोपं. ॲसिटोनमध्ये वीस मिनिटं बोटं बुडवली की विरघळतात. हायब्रिड असती तर विरघळली नसती, घासघासून काढावी लागली असती.

सासूबाई म्हणाल्या, डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलता येईल का?

२ एप्रिल, मंगळवार

वीस मिनिटांत डाव्या हाताची पाचही भिजल्या बिस्किटासारखी निघाली. उजव्या हाताची पाच जशीच्या तशी. चाळीस मिनिटं झाली. तशीच.

"आई, कधी?"

सासूबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या, "त्या शुक्रवारी. तुमचं काम वाईट नव्हतं. मीच डब्याचं झाकण उघडलं."

"एका झाकणाने पाच?"

"झाकणं दोन होती."

कानस घेऊन बसलो. तासभर लागला. भाचीचं काम सुरेख आहे, मी ते आधीच लिहून ठेवलंय. उद्या तिला सांगणार: खुर्ची डाव्या हाताने मिळवली. उजव्याचे चौदा दिवस पुन्हा मोज.