भिंतीपलीकडचा चंद्र

९ फेब्रुवारी

आज पुन्हा लाल दिवा! सवयीने दाराला कार्ड लावलं, दुसरं काय. आमच्या टीममधला टायलर मागून आला, त्याचं कार्ड चाललं, दार उघडलं. "सॉरी, इशिता. रूल्स, यू नो." इतकं गोड बोलतो की धड चिडताही येत नाही.

यानाच्या नियंत्रण खोलीत फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. मी नागपूरची, स्टुडंट व्हिसावर. यान उतरताना इंजिनाच्या झोताने चंद्रावरची धूळ किती उडेल, हे गणित माझं. ते यानात गेलं. मी कॉरिडॉरमध्ये.

वेबर सर वर्गात दर वर्षी सांगतात — चंद्र कुणा एका देशाचा नाही. खरंय, सर. खोली आहे!

१२ फेब्रुवारी

बर्फ. दिवसभरात फक्त बस ड्रायव्हरला थँक यू म्हटलं. बाकी तोंड उघडलं ते जेवायला.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. तिने अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलंय, पोरगी चंद्रावर यान उतरवते म्हणून. आणि वर मलाच विचारते, "पण काय गं, तिथं जाऊन भेटणार काय?"

झालं, मी सुरूच झाले. दक्षिण ध्रुवाजवळच्या अंधाऱ्या खड्ड्यांत बर्फ आहे — बर्फ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे माणसाला राहता येईल. तिथे तग धरला तर पुढे आणखी लांब जाता येईल. पृथ्वीचं बालपण वाऱ्यापावसाने पुसून टाकलं, चंद्रावर त्या काळच्या खुणा तशाच पडून आहेत. आणि ती धूळ! काचेसारखी धारदार, जिथे तिथे चिकटणारी. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय तिथे कुणाचं घर उभं राहणार नाही. म्हणून माझं काम, आई!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणसं तिथं राहतील तेव्हा राहतील. तू तिथं कोणासोबत असतेस, ते सांग."

रूममेट आहे ना, सुमेधा, म्हटलं. सुमेधा दर वीकेंडला न्यू जर्सीला पळते, हे नाही सांगितलं.

२० फेब्रुवारी

वेबर सरांनी माझ्यासाठी अर्ज केलाय! फक्त यान उतरण्याच्या दिवसापुरती, त्या खोलीत बसायची परवानगी. मी आशा वगैरे लावून बसणाऱ्यातली नाही. मेल मात्र सारखा उघडून बघतेय.

२ मार्च

उत्तर आलं. नाही.

सुमेधा म्हणाली, "अगं यार, लाइव्ह दाखवणारेत ना, घरीच बघ मस्त." तिचं काही चुकलं नाही. तरी नळ सोडून बाथरूममध्ये रडले.

५ मार्च

आज यान उतरणार होतं. घरी एकटीने बघवेना, म्हणून कॉरिडॉरमध्ये त्या खोलीच्या भिंतीला टेकून बसले. बेसनाचे लाडू केले होते. डबा टायलरने आत नेला. लाडवांना व्हिसा लागत नाही!

लॅपटॉपवरचं प्रक्षेपण थोडं मागून येतं. भिंतीतून आवाज आधी येतात. आत कुणीतरी यानाची उंची मोठ्याने वाचत होतं. मध्येच थांबलं. मी टाळ्यांची वाट बघत राहिले. काही नाही. लॅपटॉपवर मात्र यान अजून छान उतरत होतं, निवेदिका हसून बोलत होती. तिला अजून कळायचं होतं. मला कळलं होतं, आणि सांगायला त्या कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

संपर्क तुटला. अगदी खाली, धूळ उडायला लागली तेव्हाच. माझं गणित चुकलं का?

मग दार उघडलं. कुणालाच आत थांबवेना. एकेक जण बाहेर आला आणि कार्पेटवर, माझ्या रांगेत बसला. टायलर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मीही रडले. वेबर सर समोर मांडी घालून बसले. "अजून काहीच माहीत नाही, इशिता. स्वतःवर खापर फोडू नकोस." मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "तू रोज इथे बसायचीस?"

मी मान डोलावली. खूप वेळ कुणीच उठलं नाही.

६ मार्च

इतक्या वर्षांचं काम चंद्रावर चक्काचूर होऊन पडलंय. सगळे सुतक असल्यासारखे फिरताहेत. आणि मी? अमेरिकेत आल्यापासून काल पहिल्यांदा गाढ झोपले. कालचा दिवस मला पुन्हा हवाय! हे आईलासुद्धा सांगायची सोय नाही.