कानामागचा आकडा

मालवण, ३ डिसेंबर २०२४

ती. दाजीमामांस रूपालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूल करत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आईंचं, डोकं दुखायला लागलंय. मे महिन्यात कोल्हापुरात ऑपरेशन झालं, डोक्यात साठणारं पाणी नळीने पोटात सोडलं, उजव्या कानामागे कातडीखाली व्हॉल्व्ह बसवला, तेव्हापासून त्या भिंत न धरता चालत होत्या. पाणी किती वाहू द्यायचं ते व्हॉल्व्हच्या आकड्यावर ठरतं. डॉक्टरांनी बाहेरून चुंबक फिरवून तो दोनदा बदलून पाहिला आणि पाचावर ठेवला.

आता मासळीबाजारात तासभर बसल्या की कपाळ धरतात. इथले डॉक्टर म्हणतात, वय झालं. तुमच्या भाच्याला वाटतं, दुसरं ऑपरेशन लागणार. आईंनी बजावलंय की डोकं पुन्हा उघडू देणार नाही आणि बाजारातली जागाही सोडणार नाही. कधी दुखतं, कधी थांबतं, ते मी रोज वहीत लिहिते आहे.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची सून, रूपाली

रेडी, ७ डिसेंबर

चि. सौ. रूपालीस दाजीचे अनेक आशीर्वाद.

माका ऐकू येता गो, तुमचेच फोन वायट. डोक्यात यंत्र घालू नका म्हणून मी तेव्हाच सांगत होतो, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण? हिरा चाळीस वर्षं त्या जागेवर बसली, पुरे झालं. जागा तुळसाला द्या, शेजारीच तर मासे विकते ती. वीस तारखेला गाडी घेऊन येतो आणि बहिणीला रेडीला आणतो. वही लिहून डोकं दुखायचं थांबतं काय? तू गुणाची आहेस, पण डॉक्टर नव्हेस.

प्रेम आहे म्हणून बोलतो, रुसू नकोस.
दाजीमामा

मालवण, १४ डिसेंबर

ती. दाजीमामांस सा. न. वि. वि.

गाडी सांगू नका. वहीत रोज एकच निघालं: बसलं, उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की अर्ध्या तासात थांबतं. वही घेऊन आईंना कोल्हापूरला नेलं. तिथले नवे डॉक्टर गोळ्या लिहायला लागले. मी म्हटलं, आधी आकडा बघा. आणि खुर्ची सोडली नाही. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी कानामागे यंत्र धरून आकडा वाचला, एक्स-रे काढून खात्री केली. पाचाचा दोन झाला होता. आकडा उतरला की पाणी जास्त वाहतं, म्हणून बसलं, उभं राहिलं की ते गरजेपेक्षा जास्त उतरून डोकं दुखत होतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, देवाची कृपा. सध्या चारावर आणलाय, पंधरा दिवसांनी तपासून पाचावर नेतील. ऑपरेशन नाही.

जवळ चुंबक कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. त्यांनी पूर्वीच सावध केलं होतं, म्हणून घरातले स्पीकर आम्ही माळ्यावर टाकले होते. मग मला उमगलं. मासे कापताना हात मोकळे हवेत म्हणून आई फोन डोक्याच्या फडक्यात, उजव्या कानाशी खोचतात. मामा, राग मानू नका, पण त्या फोनचं झाकण चुंबकाने मिटतं. आणि ते तुम्ही भाऊबीजेला ओवाळणीत घातलंत.

तरीही आमच्यावर लोभ ठेवा.
रूपाली

रेडी, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. रूपालीस आशीर्वाद, आणि माफीसुद्धा.

ते झाकण मी सावंतवाडीत चार दुकानं फिरून निवडलं होतं. इतकं बोललो मी, आणि दोष माझ्याच ओवाळणीचा.

परवा न सांगता मालवणात येऊन गेलो. बाजाराच्या दाराशी खांबाआड उभा राहिलो. हिरा सुरमई कापत होती. मग उठली, पाटी कमरेवर घेतली आणि कपाळाला किंवा भिंतीला हात न लावता नळापर्यंत गेली. मी रडलो, लिहायला लाज कसली? परत येऊन ती गिऱ्हाइकाला सांगत होती, आणि तिचा आवाज माझ्या कानालाही पोचतो, की डॉक्टरान आकडो लावलो खरो, पण चुकलेलो सोदून काढलो तो माझ्या सुनेन. पंधरा वर्षांत तुझ्या तोंडावर ती असं एकदाही बोलली नसणार, म्हणून मी कळवतो.

मी आलो होतो हे तिला सांगू नकोस. न जेवता गेला म्हणून भांडेल.

तुझा अभिमान बाळगणारा,
दाजीमामा